पहिल्या मात्रेवरची टाळी

—नाही नाही, पियानोला हात नको लावूस, नम्रता. पापड्या वाळताहेत त्याच्यावर. साबुदाण्याच्या. काय करू, वारज्याच्या ह्या फ्लॅटमध्ये ऊन तेवढंच येतं — पियानोवर. ह्यांनी साधा पेला ठेवू दिला नाही कधी तिथे, तू शिकायला यायचीस, तुला माहितीये. आता बसतात पापड्यांकडे बघत. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण कान? कान शाबूत आहेत हो, डॉक्टरच म्हणाले. म्हणून तर मी ह्यांच्यासमोर सगळं मोकळेपणाने बोलते — नवराबायकोत लपवाछपवी कशाला?

तू रोज येऊन वाजवणार, ऐकून ऐकून ह्यांना बोलता येईल — आलं लक्षात. त्या थेरपीवाल्या बाईही तेच म्हणाल्या. पण मी ऐकवतेच की! ह्यांचे रेडिओवरचे जुने कार्यक्रम आमच्या नातवाने, अर्णवने, मोबाइलमध्ये घालून दिलेत. रविवारची सकाळ, ह्यांचा जॅझ, मधे ह्यांच्या गप्पा — लोकांचे चहा गार व्हायचे म्हणे. आणि टाळीचा किस्सा तर काय, पाठ असेल तुला. नाही? अगं, नवी नवरी मी, कॅम्पातल्या हॉलमध्ये पहिल्यांदा ह्यांना ऐकायला गेले. हौसेने टाळ्या धरल्या. त्या संगीतात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची असते, हे मला कोण सांगणार? आमच्या माहेरी भजनात ती पहिलीवर पडते. तर ह्यांनी वाजवायचं थांबवलं — थांबवलं! — आणि भर सभेत म्हणाले, "वासंती, इथे आरती चालू नाहीये." हॉल हसला. तेवढ्यावर भागलं असतं, तर मी विसरलेही असते. पण मग तो किस्सा रेडिओवर आला, दरवर्षी आला. भाजीवालीसुद्धा विचारायची, काय वहिनी, टाळी जमली का? पुण्याला माझं नाव माहीत नाही, माझी टाळी माहीत आहे. मग मी हात मांडीवर ठेवून बसायला शिकले. ह्यांच्या सत्कारातही तशीच बसले होते, तेव्हाही ह्यांनी तोच किस्सा सांगितला — तू पुढच्याच रांगेत होतीस. हसलीस. मी पाहिलं.

आता? आता रोज कार्यक्रम लावते, ह्यांच्या कानाशी बसते आणि मनसोक्त टाळ्या वाजवते. पहिल्या मात्रेवर. अशी खणखणीत! सुरुवातीला डोळे मिटून घ्यायचे. हल्ली डाव्या हाताचं बोट उचलतात. बंद कर म्हणतात असं वाटतं तुला? मला वाटतं, ठेका धरतात. डोळ्यांत पाणी येतं, शेजारच्या प्रेमलाताई म्हणतात, किती आनंद होतो हो त्यांना! मी म्हटलं, होणारच.

आणि वाचा येतेच आहे, हं. परवा ओठ हलले, "वासं—" एवढं अगदी स्वच्छ निघालं. मी पटकन मोबाइलचा आवाज वाढवला.

काय करू मग? पुढचं वाक्य मला ठाऊक आहे ना — एवढी वर्षं ऐकलंय.

अशी काय बघतेस? ते बघ, बोट उचललं. तुला बघून उचललं असेल. नको, जवळ नको जाऊस, माणसाला उगीच आशा लागते. ये आता. दार ओढून घे जाताना — आमची टाळ्यांची वेळ झाली.