नोंदवहीतल्या आठ भेटी

सर्वांच्या अंतरी बसून सर्वांचे ऐकणाऱ्या दयाघना, तुला वंदन. या जिभेला आज नेमके तेवढेच बोलू दे — हं, बस बाळ, उभी का राहिलीस? सभागृहात तपासणी समिती बसली आहे, ‘आदर्श मार्गदर्शक’ म्हणून माझे नाव पुढे गेले आहे, केव्हाही बोलावणे येईल. तर तुझे म्हणणे एवढेच, की तू आठ महिने महाविद्यालयात नव्हतीस, तसे मी तुझा मार्गदर्शक म्हणून या अर्जावर लिहून द्यावे, म्हणजे हुकलेली परीक्षा पुन्हा देता येईल आणि वर्ष वाचेल. आजच शेवटचा दिवस, कार्यालयाची खिडकी चारला बंद होते — ठाऊक आहे मला. एका ओळीचे तर काम. पण त्याआधी मार्गदर्शन म्हणजे काय, हे तुला कळायला हवे की नको? हवेच.

आमच्या काळी हा शब्दच नव्हता. गणिताचे मास्तर होते, स्वभावाने साक्षात विस्तव — एका उदाहरणाशी तीन-तीन तास बसवीत. एकदा मला ताप आला, तीन दिवस वर्गात गेलो नाही, तर चौथ्या दिवशी मास्तर दारात. आईला म्हणाले, ‘ताप अंगाला आहे ना? मग डोके मोकळेच आहे, वही आणा.’ शिकवले, आणि जाताना औषधाची बाटली उजेडात धरून पाहिली, किती उरले ते. याला कुणी काही नाव दिले नव्हते. पुढे मी प्रबंध लिहू लागलो तेव्हा ‘गाइड’ मिळाले. त्यांची भेट व्हायची ती जिन्यात, ते उतरत असताना. मग प्रशिक्षणे आली, पडद्यावर बाणांची चित्रे आली आणि त्या बाणांतून ‘मेंटर’ अवतरला. आता प्रत्येकाला एकवीस विद्यार्थी, महिन्याला एक भेट, भेटीला चार रकाने — अडचण, सल्ला, मनःस्थिती, सही. माणसाने भेटावे केव्हा आणि लिहावे केव्हा? म्हणून लिहिणे आधी उरकून घ्यावे लागते. सगळेच घेतात — म्हणजे मी घेतो असे नव्हे, तसा प्रघात आहे.

ही बघ तुझी पाने. हो, अक्षर माझेच. जुलै — ‘विद्यार्थिनी उत्साही.’ सप्टेंबर — ‘इंग्रजीची भीती ओसरली.’ होती ना तुला भीती? नव्हती? बरे. नोव्हेंबर — ‘घरचे वातावरण अभ्यासास पोषक.’ डिसेंबर — ‘मनःस्थिती प्रसन्न.’ इतकी देखणी उतरली ही पाने, की समितीकडे नमुना म्हणून हीच निवडली, बाळ. आता तू नव्हतीस असे मी लिहिले, तर मी आठ वेळा भेटलो कुणाला? आणि तू होतीस, तर परीक्षेला का बसली नाहीस? पेच आहे. खरे सांगू, एक वर्ष गेले तर काय बिघडले — जीवाला चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरायच्या, त्यात एका वर्षाचा काय हिशेब — नको, रडू नकोस. रडत नाहीस? मग अशी बघूही नकोस.

अरे, विचारायचे राहिलेच की. होतीस कुठे?

वडिलांजवळ. अर्धांगवायू — बोलता येत होते का? नाही. आणि दुसरे कुणी नव्हते करायला. मग आता कसे आहेत? — केव्हा? डिसेंबरात.

डिसेंबरात.

मी ‘प्रसन्न’ लिहिले.

दे तो अर्ज. पेन नको, माझे आहे. ‘ही विद्यार्थिनी आठ महिने अनुपस्थित होती. या काळातील एकही भेट झालेली नाही. नोंदवहीतील मजकूर माझ्या मनचा आहे.’ सही, तारीख. — कोण? शिपाईमामा, आलोच म्हणावे. नाही, थांबा, ही नोंदवही आत नेऊन द्या, आणि सोबत या अर्जाची एक प्रत काढून न्या. हो, समितीलाच. माझ्यासाठी आणलेला पुष्पगुच्छ कुठे ठेवायचा ते त्यांना विचारा, मला नको. अर्ज मात्र लगेच हिच्या हाती परत द्या.

नमस्कार राहू दे, बाळ. तो ओळखीच्या माणसाला करावा, आपली ओळख आत्ता कुठे होते आहे. ऐकणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण असो, घरोघरी आजाऱ्याला आराम पडो, आणि ज्या घरातले माणूस गेले तिथे मागे राहिलेल्यांना बळ मिळो. आला ना अर्ज हाती? नीघ आता, धावत जा — चारला सात मिनिटे आहेत.