पंधराशे क्यालरी

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. सांगलीच्या एसटी स्टँडवर नाथाजीनं बायकोनं बांधून आणलेल्या चारी भाकरी संपवल्या आणि ढेकर दिला, तोच मागच्या बाकावरचं बोलणं कानावर आलं. पोट सुटलेला एक रिटायर हवालदार डॉक्टरनं दिलेला कागद धरून बायकोपुढं तणतणत होता.

"वजन उतरवायला दिवसाला पंधराशे क्यालरी! अंजना, पल्टणीत ह्याच्या दुप्पट खायचो. मारायला बसलाय मला डॉक्टर!"

"क्यालरी म्हंजी काय वं?"

"अन्नाची ताकद. एका भाकरीला दोनशे. थांब, तुझंच मोजून दावतो, मग कळंल तुला. काल सकाळी काय खाल्लंस?"

"च्या पिले."

"पन्नास. दुपारी?"

"तुमची समद्यांची जेवणं झाल्यावर एक भाकरी उरलीवती. कालवण सरलं हुतं, मिठासंगं खाल्ली."

"झाले अडीचशे. राती?"

"अर्धी भाकरी आन् वाटीभर ताक."

"चारशे... आगं, नीट आठव की! मधी शेंगा, गूळ, कायतरी खाल्लं असशील."

"न्हाई वं. दिवसभर रानात तण काढत, भांगलत हुते."

"चारशेत माणूस जगत न्हाई, अंजना!"

"आसंल. आन् आज तर सोमवार. आज त्येवढंबी न्हाई."

हवालदारानं डॉक्टरचा कागद घडी करून खिशात कोंबला.

नाथाजीनं शेजारी रिकामं फडकं झटकणाऱ्या आपल्या बायकोकडं बघितलं.

"रंगू, तू काय खाल्लंस?"

ती दचकली.

"का वं? भाकरी कमी पडल्या व्हय तुमास्नी?"