मीमूनची सोय

अल्लाल : ताई, ती टोपली खाली ठेव आणि आधी माझं ऐक. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी आहे, तुझी बॅग डिकीत गेली. हजचे बाकीचे लोक फेस शहराच्या विमानतळावर जमलेसुद्धा असतील. आणि तू इथे कासव कवटाळून उभी!

तामू : खाली ठेवलं की चालायला लागतो तो.

अल्लाल : सोडतीत नाव निघावं म्हणून किती वर्षं झुरलीस! गेल्या खेपेला निघालं नाही तेव्हा जेवणसुद्धा सोडलं होतंस. आता निघालं, तर पाय उचलत नाही.

तामू : कसा उचलू? तिथे काबासमोर उभी राहीन, आणि डोक्यात काय, तर मीमूननं खाल्लं का, मीमून उलटा तर पडला नाही ना. भर उन्हात उलटा पडला तर संपलाच रे तो. असला हज मला नको.

अल्लाल : म्हणून तर म्हटलं, माझ्याकडे ठेव.

तामू : तुझ्याकडे मेंढा आहे. ईद तोंडावर आली, अख्ख्या गल्लीत अंगणोअंगणी मेंढे बांधलेत. तुझ्या मेंढ्यानं तर काल शिंग मारून याला भिंतीवर आपटलं.

अल्लाल : खेळत होता गं तो.

तामू : मीमून नव्हता खेळत.

अल्लाल : मग कासाब्लांकाला, तुझ्या लेकीकडे.

तामू : पाचव्या मजल्यावर? पायाखाली माती नसली की हा तोंडात घास घेत नाही.

अल्लाल : म्हणजे एकच घर उरलं. मेंढा नाही असं.

तामू : तिचं नाव काढू नकोस.

अल्लाल : महजूबा. काढलं! तुझ्या भिंतीला भिंत लागून आहे. हजला निघताना सगळ्यांची माफी मागून निघायचं असतं. तू कोळसेवाल्यापासून हमामखान्यातल्या बाईपर्यंत सगळी दारं केलीस, आणि शेजारचंच चुकवलंस.

तामू : तिनं आमच्या भिंतीतलं मोरीचं भोक सिमेंटनं बुजवलं! का, तर मीमून त्यातून पलीकडे गेला आणि तिचा पुदिना खाल्ला. चार पानं! मग पहिल्याच पावसात माझं अंगण तुंबलं आणि आईनं विणलेला गालिचा कुजून गेला.

अल्लाल : माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. चल, मी कडी वाजवतो.

(अल्लाल कडी वाजवून मागे सरतो. तामू टोपली घाईघाईनं आपल्या पांढऱ्या झग्याआड धरते. महजूबा दार उघडते.)

महजूबा : कोण मेलं?

अल्लाल : सलाम, लल्ला महजूबा, सलाम बाईसाहेब. देवाच्या कृपेनं कुणी नाही. ताई हजला निघाली आहे.

महजूबा : कळलं की. सकाळपासून गल्लीत नुसत्या गळाभेटी चालल्यात. माझ्या दाराशी कुणी फिरकलं नाही. म्हटलं, माझं घर रात्रीत पाडलं की काय.

तामू : महजूबा, अल्लाच्या नावानं, बोललं-चाललं, झालं-गेलं, सगळं माफ कर.

महजूबा : छान पाठ झालंय.

तामू : सगळीकडे असंच म्हणतात.

महजूबा : हं. आणि तुझा झगा का हलतोय?

तामू : वारा आहे.

महजूबा : वाऱ्याला कोशिंबिरीचा पाला लागतो होय? हे बघ, अर्धं चावलेलं पान पडलं खाली.

अल्लाल : ताई, काढ बाहेर. कशाला उगीच.

महजूबा : अगं बाई गं! म्हणजे वर माफी आणि खाली कासव!

तामू : दोन्ही कामं वेगळी आहेत.

महजूबा : असं का? मग मी आठवण करून देते. गच्चीवर उभी राहून तू मला काय म्हणाली होतीस? "तुझ्या घरात माणूस तर सोडच, कासवसुद्धा टिकायचं नाही." माझ्या नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. पोरबाळ नाही, ते तर तुला ठाऊकच होतं. आणि आज तेच कासव घेऊन माझ्याच उंबऱ्याशी आलीस?

तामू : आले. दुसरं दार नाही मला.

महजूबा : निदान हे तरी खरं बोललीस. ठीक आहे. अल्लाल, तू साक्षीला. दोन्ही मिळायचं नाही, तामू. एक काय ते माग. माफी हवी तर माफ करते, पण कासव उचलायचं आणि चालू पडायचं. कासव ठेवायचं तर ठेवते, नीट सांभाळते, पण माझ्या मनातलं मनातच राहील.

अल्लाल : लल्ला, असं कुठे असतं का?

महजूबा : माझ्या दारात असतं.

अल्लाल : ताई, माफी माग. माझं ऐक. कुणाच्या मनात दुखणं ठेवून हजला जायचं नसतं, इमामसाहेबांनी किती वेळा सांगितलं. कासवाचं मी बघतो. मेंढा गच्चीवर नेऊन बांधतो.

तामू : तुझी बायको नेऊ देईल? वाळत घातलेल्या कपड्यांत?

अल्लाल : ...नाही देणार.

तामू : कासव ठेव, महजूबा.

अल्लाल : ताई!

तामू : गप रे! मला तोंड आहे. अराफातच्या मैदानावर उभी राहीन, रडेन, देवाला सांगेन की मी बोलू नये ते बोलले आणि तिनं माफ केलं नाही, आता तू काय ते बघ. ऐकेल नाहीतर रागावेल. याला तोंड आहे का? उलटा पडला तर हाक मारता येत नाही याला, नुसते पाय हलवत राहतो. घे. हळू, खालून धर. पाला रोज ताजा, कलिंगडाची साल चालते, टोमॅटो थोडाच. दुधात पाव भिजवून अजिबात द्यायचा नाही, सगळे तेच करतात आणि मारतात.

महजूबा : दूधपाव? मी काय खुळी आहे?

तामू : आणि पाण्याच्या बादलीत सोडायचं नाही. मासा नाही तो.

महजूबा : थांब. इकडे बघ माझ्याकडे. खरंच सोडलीस माफी? हजच्या वाटेवर? या एवढ्याशा जिवासाठी?

तामू : सोडली. आता रडते आहे म्हणून टक लावून बघू नकोस.

महजूबा : मेली तशीच आहेस! पुढचा-मागचा विचार नाही. तोंड सोडतेस तेव्हाही नाही आणि जीव लावतेस तेव्हाही नाही. जा. केलं माफ. सगळं. अगदी आतून केलं.

तामू : महजूबा...

महजूबा : बोलू दे मला. तूही मला माफ कर. गालिचा तुझ्या आईच्या हातचा होता. भोक बुजवताना पावसाचं माझ्या डोक्यातच आलं नाही गं. आणि आलं तेव्हा उकरायची लाज वाटली.

तामू : केलं. केलं गं बाई, केव्हाच केलं.

अल्लाल : अल्हम्दुलिल्ला! झालं! चला आता, तो टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वाजवून...

महजूबा : वाजवू दे. हे बघ, यानं मुंडकं आत घेतलं. परक्या अंगणात हा जेवायचा नाही, वाट बघत बसेल. अल्लाल, आत ये, माझा पितळी बत्ता घे आणि भिंतीतलं ते सिमेंट फोड.

अल्लाल : मी? आत्ता?

महजूबा : नाही, ईद झाल्यावर. मार लवकर! भोक मोकळं झालं की हा आपल्याच घरी राहील, आणि मी दोन्हीकडून बघेन.

अल्लाल : बिस्मिल्ला. आई गं! हे सिमेंट आहे की लोखंड? कुणी कालवलं होतं?

महजूबा : मीच. रागात होते, चांगलं मळलं गेलं.

तामू : आण इकडे तो बत्ता.

अल्लाल : ताई, पांढरे कपडे! हजचे कपडे आहेत ते!

तामू : धुतले जातील. हा घे! आणि हा! माझ्या गालिच्याचा हा एक!

महजूबा : दे, आता मला दे. सरक. आणि हा गच्चीवरच्या बोलण्याचा!

अल्लाल : हललं! अहो, हललं! उजेड दिसला पलीकडचा! ताई, तुझं लिंबाचं झाड दिसतंय!

तामू : मीमूनला सोडा. चल रे राजा. चल, तुझं घर आहे.

अल्लाल : अडकला.

महजूबा : वाढलाय मेला! किती खाऊ घातलंस याला?

तामू : मागे घ्या, मागे घ्या त्याला. अल्लाल, वरचा कोपरा उडव. आणखी. बास.

अल्लाल : निघाला! गेला, गेला पलीकडे! वाहवा रे पहिलवान! ...अरे, वळला की हा. परत इकडेच येतोय. लल्ला, तुमचा पुदिना!

महजूबा : खाऊ दे. आता रोजचा पाहुणा आहे तो.

तामू : ही माझ्या घराची किल्ली. आणखी कुणाकडे दिलेली नाही. आणि सांग, तुझ्यासाठी तिथे काय मागू?

महजूबा : माझ्यासाठी? माझंही नाव सोडतीत निघू दे म्हण. मागेन मागेन म्हणून विसरू नकोस. पण मग या कासवाला कोण बघेल?

तामू : मी आहे ना!

महजूबा : मग माग. आणि जा आता, विमान सुटेल. धूळ झटक ती कपड्यांवरची. नाही झटकत? बरं, तशीच जा.

अल्लाल : बस ताई, पाय आत घे. चला हो ड्रायव्हर, वेगात! ...हा कसला आवाज? जीभ नाचवून एवढ्या मोठ्यानं आनंदाची झगारीत कोण घालतंय? लग्नातसुद्धा ऐकली नव्हती अशी. दारंखिडक्या उघडल्या बघ सगळ्या गल्लीच्या.

तामू : मला वळून बघायला लावू नकोस, रडू येईल आणखी.

अल्लाल : अगं, पण कोण आहे?

तामू : माझी शेजारीण.