लाल गाडी आपल्या पायानं घरी आली

माझं मूळ गाव नांदूरघाट, जात लोहाराची, नाव दगडू. वडवणीत कुनालाबी इचारा, दगडू मिस्त्रीचं ग्यारेज कुटं हाय, शेंबडं पोरगंबी आणून सोडंल तुमाला. बाप माझा बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचा. काय सांगू तुमाला ताई, ती धाव गवऱ्याच्या आगीत लाल करायची, चौघांनी चिमट्यात धरून चाकावर बसवायची आन मंग पाणी घालायचं, पण ते पाणी कसं, तर हळूहळू, कडंकडंनं. एकदा मी घाई केली, घागर उपडी केली, तर धाव टणकन चिरली. बापानं मारलं न्हाई मला, निस्तं म्हणला, तापलेल्या लोखंडाला आन तापलेल्या माणसाला एकदम गार पाणी घालू नये, दगड्या. हे लक्षात ठिवा, पुढं कामाला येणार हाय.

पुढं गाड्यांना रबरी टायर आले आन आमचा भाता थंड झाला. मंग मी वडवणीला आलतो, एका ट्रकच्या ग्यारेजात पाने धुवाया. तितं आडत दुकान होतं महालिंग आप्पांच्या घरचं, वाण्याचं घर, कपाळाला इभूत, गळ्यात लिंग, बाजाराच्या दिवशी सगळा तालुका त्यांच्या वट्यावर. त्यांच्या गोदामात सरकीच्या पोत्यामागं एक गाडी होती. आप्पांच्या वडलांनी हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून आणलेली, निजामाचं राज्य गेल्यावर. दोनच माणसांची, वरून टप न्हाई, बिलायती, लाल. कंपनीचं नाव मी सांगणार न्हाई, तुमी छापताल आन उद्या लोक बगाया येतेल. तिच्या चाकाला सायकलीवानी तारा होत्या आन त्यातल्या पाच-सहा तुटलेल्या. आप्पा तवा जवान, हैदराबादला शिकून नुकतेच आलेले. म्हणले, दगडू, तू चाकाचा माणूस हायेस ना, तारा बसवशील का. म्हणलं आप्पा, लाकडाचं चाक सरळ करतो, हे तर लोखंडाचं हाय. तीन दिस लागले. चाक फिरवलं तर केसभर हालंना. आप्पा त्या चाकाकडं बगत ऱ्हायले, मंग म्हणले, आता बाकीची गाडीबी तुझीच. तवापासून मी त्या गाडीचा मिस्त्री, दुसऱ्या कुणाचा पाना तिला लागला न्हाई.

तिचे सुटे भाग मिळायचे न्हाईत. गाळात रुतलेलं ट्रॅक्टर काढलंय मी, बंद पडलेली येष्टी काढलीय, पण ह्या गाडीचं एक वायसर मोडलं तर मी ते ताटलीतून कापून घासून करायचो. दर रविवारी सकाळी आप्पा ती बीडच्या रोडला न्यायचे आन आणायचे. रोड कसला, खड्ड्यातून रोड शोधायचा. तिसऱ्या गेरवर गाडी आली की समोर म्हैस. चौथा गेर तिला हाय हे मला ठावं होतं, कारण मीच तिचा गेरबॉक्स खोललाता, पण तो टाकलेला मी कवा बगितला नव्हता.

आन एक सांगायचं ऱ्हायलं. आप्पांच्या मातोश्री, आमी सगळे त्यांना गंगाकाकू म्हणायचो. दर कार्तिकात त्या कपिलधारला यात्रेला जायच्या, येताना धबधब्याचं तीर्थ तांब्याच्या लोट्यात आणायच्या, घरातल्या सगळ्यांच्या हातावर पळीपळी द्यायच्या आन उरलेला लोटा माझ्या हातात. अरे दगडू, हे तिच्या पोटात वत, म्हणजे तापायची न्हाई. पोट म्हणजे रेडिएटर. मी वतायचो. धा-बारा वर्स वतलं. आता तुमी म्हणताल, मिस्त्री असून कावून वतलं. आहो ताई, तीर्थ हाय ते, आन देणारी गंगाकाकू. न्हाई कोण म्हणंल?

मंग ते दिवस आले, सगळं नवं नवं यायचे. वडवणीत रंगीत टीव्ही आले, जपानी इंजिनाच्या मोटरसायकली आल्या, पुढाऱ्यांच्या दारात गार हवेच्या गाड्या उभ्या ऱ्हायल्या. आप्पांचे धाकले भाऊ विश्वनाथशेठ, माणूस चांगला, पण त्यांना गोदामाची जागा पायजे होती. ममईचा एक गिऱ्हाईक त्यांनी आणला, जुन्या गाड्या गोळा करणारा. त्यो गाडीभवती दोनदा फिरला आन सांगाल ते देतो म्हणून गेला. शेठ म्हणले, दादा, ही काय देवाची मूर्ती हाय का, निस्ती झाकून ठिवायला? त्याच आठवड्यात आप्पांच्या हैदराबादच्या दोस्ताचं पत्र आलं, मिर्झासाहेब त्यांचं नाव. मद्रासकडं गाड्या पळवायचा मोठा रस्ता बांधलाय, येटोळं घालून परत तितंच येतो, ना म्हैस ना माणूस. शर्यत न्हाई, बक्षीस न्हाई, आपापली गाडी आणायची आन तिच्यात काय हाय ते एकदा बगायचं. आप्पांनी पत्र मला वाचून दाखवलं आन म्हणले, दगडू, झाकून ठिवायला न्हाई म्हणतो ना इश्वा, मंग पळवून आणतो.

घरात लई बाचाबाची झाली. शेवटी गंगाकाकूनं न्याय केला. पाटावर बसून, माळ बाजूला ठिवून म्हणल्या, महालिंगा, ने तुझी गाडी. पण घरी आल्यावर आपल्या पायानं दारात आली पायजे. ढकलत आली तर इश्वाच्या गिऱ्हाईकाला द्यायची, मंग कुनी रडायचं न्हाई. दोघं भाऊ पाया पडले. झालं, ठरलं. आप्पांच्या तोंडाकडं मी बगितलं, आन त्या दिवशी मला कळलं की ह्या माणसाचा जीव ह्या गाडीत हाय, आन गाडीचा जीव माझ्या हातात हाय. मला दोन दिस भाकर गोड लागली न्हाई.

कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकमंदी फळ्या लावून गाडी चढवली, खाली सरकीची पोती, मी तिच्या शेजारी. तितं गेलो तर काय, रस्ता हाय का आरसा! खडा न्हाई. पंधरा-वीस गाड्या, बऱ्याच नव्या. आमची उतरवली तशी सगळे हातातला चहा ठिवून आले. कागदाचा नंबर चिकटवला, बिरेक तपासले, डोक्याला टोप दिले. इसइस मिनिटांच्या पाळ्या, दिवसभरात चार. मी आप्पांना म्हणलं, मी ह्या भिंतीपाशी उभा ऱ्हातो, माझ्या खांद्यावर हा पांढरा गमजा हाय, तो हालला की मुकाट्यानं आत यायचं. आप्पा म्हणले, आलो.

पयल्या पाळीतला पयला फेरा हळू. दुसरा जरा बरा. तिसऱ्याला ती माझ्यासमोरून गेली आन ताई, अंगावर काटा आला माझ्या. तो आवाज मी बारा वर्स तिच्याजवळ बसून कवा ऐकला नव्हता. चौथा गेर! पुढं एक नवीकोरी गाडी होती, आप्पांनी वळणावर तिला असं धरलं की आता पुढच्या सरळ पट्ट्याला मागं टाकणार. तेवढ्यात माझ्या कानाला कायतरी टोचलं. आवाजात कोरड होती, तापलेल्या लोखंडाची. बापाच्या भट्टीवर वाढलेला कान हाय हा. मी गमजा हालवला.

आता बगा माणूस कसा असतो. समोरची गाडी हातभर ऱ्हायलीती, बगणारे उभे ऱ्हायलेते, आन आप्पांनी तितंच पाय काढला आन गाडी आत आणली. एका लोहारानं गमजा हालवला म्हणून. मोठाले साहेब बगितले मी, पण असं ऐकणारा माणूस दुसरा बगितला न्हाई. आत आली तर गरमी दावणाऱ्या काट्यानं शेवट गाठलाता आन रेडिएटरच्या टोपणातून वाफ. तितला एक जण पाण्याची बादली घिऊन पळत आला, मी वरडलो, बे, हात लावू नको! त्याला मराठी काय कळणार, पण माझं तोंड कळलं. बादली खाली ठिवली त्यानं. गार होऊ दिली, अर्धा तास, कुनाला जवळ येऊ दिलं न्हाई. मंग टोपण उघडलं, खालचा नळ सोडला, तर पाण्याबरोबर पांढऱ्या खपल्या. चुन्यावानी. एक उचलून बोटानं चुरली आन वळखली. घरच्या पाणी तापवायच्या बंबात बसतो तो थर हा. कपिलधारचं पाणी दगडावरून, चुनखडीतून येतं. तीर्थच तिच्या नळ्यांत बसलंतं, वर्सावर वर्स.

मला बोलता आलं असतं, आप्पा, रेडिएटर जुना हाय, काय करणार. कुनाला कळलं नसतं. पण ज्यानं माझ्या गमज्यावर इश्वास ठिवला त्याला खोटं कसं सांगायचं? मी म्हणलं, आप्पा, ही माझी चूक हाय. मला ठावं होतं, ह्या पाण्यानं थर धरतो. काकूला न्हाई म्हणायची माझी हिंमत झाली न्हाई. आप्पांनी खपली हातात घेतली, बगितली, आन हसले ओ! म्हणले, आईनं दिलं, तू वतलं, हिनं पेलं, ह्यात पाप कुणाचं हाय? आता उपाय सांग. माझ्या डोळ्याला पाणी आलं, खरं सांगतो.

उपाय काय, तर घरात बाया तांब्या-पितळंची भांडी कशानं घासतेत? चिंचेनं. आन मद्रासकडं चिंचेला काय तोटा! तितल्या खानावळीच्या आचाऱ्याला खुणंनं सांगितलं, त्यानं हा एवढा गोळा दिला. बादलीत कालवली, माझ्याच गमज्यातून गाळली, तिच्या पोटात भरली आन इंजिन मंद चालू ठिवलं. सोडलं, तर पांढरा गाळ. परत भरलं, परत सोडलं. नळीनं धुतलं. बगणारे हसत होते, सांबार करतेत म्हणत असतेल. मिर्झासाहेबबी तितंच होते, त्यांनी ब्याटरीच्या पाण्याचे डबे आणून दिले, त्या पाण्यात चुना नसतो, ते भरले. सगळा थर न्हाई निघाला, पण पाणी फिराया लागलं.

दोन पाळ्या तशाच गेल्या, शेवटची ऱ्हायली. आप्पा म्हणले, दगडू, तू म्हणशील ते. न्हाई म्हणलास तर आत्ता ट्रकात चढवू, आपल्या पायानं दारात जाईल. बगा, किती सोपं होतं न्हाई म्हणणं. मी बॉनेटवर हात ठिवून उभा ऱ्हायलो. मंग म्हणलं, जायचं. पण मी शेजारी बसणार.

आन बसलो. काय सांगू तुमाला. मला वाटायचं जोरात पळवणं म्हणजे रेटणं. आप्पांनी तिला कुटंच रेटलं न्हाई. वळणाच्या आधी असा हळूच बिरेक, झोपलेल्या लेकराखालून हात काढावा तसा, मंग चाक वळवायचं एकदाच, परत दुरुस्ती न्हाई. गेर पडताना आवाज न्हाई. मी काट्याकडं बगायचो, काटा चढला की निस्ता बोट वर करायचो, आप्पा एक सरळ पट्टा सावकाश काढायचे, वारा खाऊ द्यायचे तिला, काटा उतरला की परत. मी बसवलेल्या तारांची चाकं, मी कापलेलं वायसर, मी घासलेले पिस्टन, सगळं एका सुरात. बारा वर्स मी तिला खोलली-जोडली, पण तिची माझी वळख त्या दिवशी झाली. पाळी संपली तवा आप्पांनी टोप काढला आन माझ्या मांडीवर हात ठिवला.

वडवणीच्या येष्टी स्टँडपाशी ट्रक थांबवला, गाडी उतरवली. बाजाराचा दिवस, सगळं गाव गोळा. विश्वनाथशेठ समोर उभे. आप्पांनी चावी फिरवली, एकदा घुर्रर्र आन गप. दुसऱ्यांदा गप. शेठची नजर माझ्यावर, माझी आप्पांवर. आप्पांनी तिसऱ्यांदा फिरवली आन लागली बगा! दारात गेली, आपल्या पायानं. विश्वनाथशेठनीच पयला नारळ फोडला, माणूस जबानीचा.

गंगाकाकू आरती घिऊन आल्या, आन ओवाळून झाल्यावर तोच लोटा माझ्या हातात. दगडू, लई तापली आसंल, वत. आप्पा माझ्याकडं बगतेत. मी लोटा कपाळाला लावला आन म्हणलं, काकू, तीर्थ हाय म्हणून वतलं आजवर. पण ह्या पाण्यानंच तिच्या नळ्या बुजल्या. आता न्हाई वतणार, मारा मला. काकूनं लोट्यात बगितलं, मंग गाडीकडं बगितलं. म्हणल्या, म्हणजे माझ्यामुळं जाणार होती का रे ती? मी खाली मान घातली. काकू लोटा घिऊन तशाच चालत आल्या, पदर खोचला आन गाडीत बसल्या, जन्मात पयल्यांदा. म्हणल्या, महालिंगा, चल. पाणी तिला चालत न्हाई ना, मंग तिलाच पाण्याकडं ने, मी दर्शन करवते तिला.

तवापासून दर कार्तिकात गाडी कपिलधारला जाते. काकू गेल्या, आप्पा थकलेत, ओसरीत बसून पेपर वाचतेत. माझ्याबी हाताला आता कंप हाय. गाडी आप्पांची लेक चालवते, वर्साला एकदा ती तिला त्या मद्रासच्या रस्त्यावर नेते, बापासारखीच, रेटत न्हाई. पळवायच्या आधी मला फोन करते, काका, ऐका, आन फोन बॉनेटपाशी धरते. मी डोळे मिटून ऐकतो. साधं पाणी घातलंस का, इचारतो. घातलं म्हणते. मंग म्हणतो, जा बाई. आन येताना ढकलत नको येऊ, आपल्या पायानं ये.