वच्छलासाठी उंच वाफा

हॅलो?… हॅलो? हाव, बोल व आरती. मीच हाओ, तुहा बाबा. थांब, करवत खाली ठेवतो…

आंगणात हाओ. तुह्या मायसाठी वाफा करून राहिलो… नाही व, जमिनीवरचा नाही, उंच! गोठ्यावरच्या जुन्या टिना चारी बाजूनं ठोकल्या, खाली बाभळीचे पाय. वरून सागाची पट्टी मारली, टिनाची धार तिच्या हाताले लागू नये म्हणून… शेजारची सुभद्रा हासते. म्हणे, किसनभाऊ, मेथीले पलंग करून राहिले काय? हासू दे.

तिचे गुडघे गेले तवा कमरेएवढा केला होता. उभ्यानं खुरपन म्हटलं. मंग लकवा झाला, तू तिले अमरावतीले नेलं, तूच म्हणाली, माय आता खुर्चीतच बसन. म्हणून आज वाफ्याचे पाय कापले. खुर्ची सरकवली का बरोब्बर हात पुरते…

काय?… बसणारबी नाही म्हंजे?… डॉक्टर असं कसं म्हणते?… हाव, हाव, ऐकून राहिलो… खाटेवरच? कायमची?

…नाही व, काही नाही. टेकलो जरा.

अवं ऐक ना… मंग पाय आखीन कापतो. खाटेले लावून ठेवतो. पडल्यापडल्या मेथीवर हात फिरवन… काहून नको म्हणतं?… घरी, तेल्हाऱ्याले, आणायचंच नाही?… हाव, गाडीतले हिसके नाही सोसायचे तिले… बरं. बरं बाई. मी कुठं भांडून राहिलो?

पेरलं? नाही. माती भरली, शेणखत टाकलं, तसाच हाये. आपल्या घरी पयली मूठ तुही मायच टाकते, तुले मालूम हाये ना? लग्न झाल्यापासून एक मोसम चुकला नाही तिचा. मी कसा टाकू? मले नाही जमत, आरती… खरंच नाही जमत.

एक काम कर. घरात मेथीदाणा असन… हाव, फोडणीचाच, उगवते तो. थोडासा तिच्या हातावर ठेव. उजव्या नाही, डाव्या. हालते ना तो?… ठेवला? आता फोन लाव तिच्या कानाले.

वच्छला… ऐकतं का? मी हाओ. तुह्या हातात बी हाये. मूठ वळ… जराशी वळ, वच्छला…

हॅलो? आरती? काय झालं?… सांडले? चादरीवर?… नको, झटकू नको! वेच. एकूण एक वेच… अवं, तिच्या हातातूनच पडले ना? झालं मंग. पुडी बांध, उद्या येतो घ्याले. तेच पेरतो.

…रडू नको व. तिले दिसन.

ठेवतो.