कोरी पानं

कानांच्या दवाखान्यात बसलेल्या तूवानं पुस्तक मिटलं. शेजारी एक बाई एका आजोबांच्या कानाशी मोठ्यानं बोलत होत्या, ते बोलणं जास्त रंगलं होतं.

"टीव्हीवरचे आल्गोत ना तुम्ही? दर शनिवारी बँडपुढे उभं राहून सॅक्सोफोन वाजवायचात. समोरची नोटेशनची पानं काय ऐटीत उलटायचात!"

"कोरी होती ती, बाई. मला नोटेशन वाचता येत नाही. कुणी शिकवलंच नाही."

"काहीतरीच. मग नवी गाणी?"

"बायको सकाळी पियानोवर एकदा वाजवायची. ऐकलं की बसलं."

"आणि आता?"

"ती गेली. जाताना एक गाणं टेप करून ठेवलंय माझ्यासाठी. मी म्हटलं, ऐकू सावकाश."

"ऐकलं नाहीत?"

"आता लावतो, तर नुसती खरखर येते. आज कानाचं यंत्र मिळालं तर बघू."

"आल्गोत बेर्गवाल!" नर्सनं हाक मारली. पुन्हा मारली.

"मिळेल हो," बाई हळूच म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

तिसऱ्या हाकेला तूवानंच आल्गोतांच्या बाहीला हात लावला.