त्रेसष्ट टक्क्यांवर अडकलेला कोंडोर

...बंद करू नका म्हणे. अहो, पण आम्ही कुठे बंद करतोय? तुम्हाला सांगते, निळी स्क्रीन, मधोमध पांढरे ठिपके गोल गोल फिरतायत, खाली अगदी अदबीने लिहिलंय, 'कृपया कॉम्प्युटर बंद करू नका', ते वाचून आम्ही सगळे हात मागे बांधून उभे, श्वाससुद्धा बेताने घेतोय, आणि हा बाबा त्रेसष्ट टक्क्यांपर्यंत येतो आणि फट्कन स्वतःच बंद पडतो. म्हणजे आम्ही करायचं नाही, त्याने केलं तर चालतं. आमचे हे असेच होते, देव त्यांना शांती देवो... मला सांगायचे, ओर्तेन्सिया, जेवताना मधेच उठू नये, आणि स्वतः ताटावरून उठून जे जायचे ते दुसऱ्या दिवशी यायचे.

तर काय सांगत होते? हां. कॉम्प्युटर माझा नाही हो. माझ्याकडे कुठला? माझ्याकडे एक रेडिओ, तोही नेमका बातम्या लागल्या की खरखरतो. कॉम्प्युटर समोरच्या झेनोन मास्तरांचा. अंगण एकच, माझं दार अलीकडे, त्यांचं पलीकडे, मधे नळ. लोक म्हणतात, ही बाई उठसूट मास्तरांच्या कारखान्यात, सगळीकडे हिचं नाक. आता तुम्हीच सांगा, माझ्या खोलीत ऊन येत नाही, ला पाझमधल्या मे महिन्याची थंडी, आमच्याकडे तेव्हा हिवाळा लागतो, हाडं वाजतात नुसती, आणि मास्तरांचा कॉम्प्युटर मागून छान कोमट वारा सोडतो. त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलं की गुडघे शेकले जातात. आता गुडघे शेकताना कानावर चार गोष्टी पडल्या तर त्यात नाकाचा काय संबंध?

मास्तर भरतकाम करतात. साधंसुधं नव्हे, ग्रान पोदेरच्या सणाच्या मिरवणुकीत नाचणाऱ्यांच्या झग्यांवरचं, जरीचं, मण्यांचं, एकेक झगा असा जड की नाचणाऱ्याने आधी आठवडाभर पोटभर जेवावं. यंदा मटणबाजारवाल्यांच्या नाचमंडळाचं काम होतं. प्रत्येक झग्याच्या पाठीवर एक कोंडोर, आमच्या डोंगरांतलं ते थोरलं गिधाड, पंख पसरलेला, ह्या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, आणि डोळा असा की मागून चालणाऱ्याला वाटावं हा आपल्याकडे बघतोय. तो मास्तरांनी स्वतः काढला, जानेवारीत, पाऊस पडत होता तेव्हा. त्यानंतर मास्तर आजारी पडले, आणि उठले ते उजवा हात थरथरत. आता चहाचा कप धरला तर निम्मा चहा बशीत. पेन्सिल नाहीच. म्हणजे तो कोंडोर मास्तरांच्या हातचा शेवटचा. मूळ कागद त्यांनी नेहमीच्या रीतीने कापून साचा केला आणि साचा झिजून गेला. कोंडोर राहिला फक्त कॉम्प्युटरात. कॉम्प्युटर भरतकामाच्या मशीनला सांगतो, मशीन टाके घालतं.

मी बासिलियाला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, म्हटलं होतं, "अगं, त्याची दुसरी प्रत काढून ठेव कुठेतरी." तर म्हणते कशी, "एक कोंडोर धडधाकट असताना दुसरा कशाला, ताई? भांडतील."

शनिवारी मिरवणूक. निम्मे झगे तयार, निम्म्यांच्या पाठी कोऱ्या. आणि बुधवारी सकाळी ह्या बाईने काय करावं? स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज एक चौकोन यायचा, 'नवी सिस्टीम तयार आहे, आता घ्यायची का?' ही रोज 'नंतर' दाबायची. बुधवारी 'हो' दाबलं. का, तर, "रोज इतकं प्रेमाने विचारतो बिचारा, ताई. किती दिवस तोंडावर नाही म्हणायचं? मलाच लाज वाटली." म्हणजे ला पाझच्या बाईला दारावरच्या विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही ते ठीक, पण मशीनलाही नाही म्हणता येऊ नये?

झालं. ठिपके फिरायला लागले. दहा टक्के, तीस टक्के, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका, पन्नास, साठ, त्रेसष्ट, फट्. अंधार. पुन्हा बटण दाबलं तर म्हणतो, थांबा, झालेले बदल मागे घेतोय. घेतले. मग म्हणतो, पुन्हा प्रयत्न करतोय. केला. त्रेसष्ट, फट्. दिवसभर हेच. बासिलिया त्याच्यासमोर मेणबत्ती लावून बसली, तर मेणबत्ती शंभर टक्के संपली, हा त्रेसष्टच.

तेवढ्यात आले रोसेन्दो. ट्रकवाले रोसेन्दो, पोट पुढे, हॅट मागे. हे कोण, तर कॉम्प्युटरचे धर्मबाप. हसताय काय? आमच्याकडे घराला धर्मबाप असतो, ट्रकला असतो, लग्नातल्या केकला असतो, मग कॉम्प्युटरने काय पाप केलंय? त्यांनीच तो मास्तरांना घेऊन दिला, वाजतगाजत आणला. आले, बघितलं, मशीनच्या डोक्यावर थाप मारली, ट्रकच्या बॉनेटवर मारतात तशी, आणि म्हणाले, "चूक कुणाची ते सांगू? नवी सिस्टीम घेतलीत, पाचामामाला, आपल्या धरणीमातेला, विचारलंत? घोटभर बिअर तरी जमिनीवर सांडलीत? कोरड्या तोंडाने कुठलं काम होतं का? चाल्ला करावा लागेल. नव्याने." चाल्ला म्हणजे वस्तूला आशीर्वाद मागायची आमची पूजा, ती बिअरशिवाय होत नाही. गेले बिअर आणायला.

मी म्हटलं, चाल्ल्याआधी कुणी शिकलेला माणूस बोलवा. तर गुरुवारी दुपारी लिंबर्ट आला. लिंबर्ट बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करतो, सगळे त्याला इंजिनियर म्हणतात, तोही नाही म्हणत नाही. पोरगा गुणी हो, आईला दर रविवारी बाहेर जेवायला नेतो, मला माहीत आहे, कारण... जाऊ दे, माहीत आहे. तर लिंबर्टने पेनड्राइव्ह लावला, कोंडोर तेवढा आधी बाहेर काढून घेतो म्हणाला, आणि कोंडोरचं एक पीस बाहेर यायच्या आत मशीन फट्.

लिंबर्टचा चेहरा उतरला. "डिस्क गेलीये बहुतेक, मास्तर. ती बाहेर काढून दुसऱ्या मशीनवर वाचावी लागेल, ते दुकान आता सणामुळे सोमवारपर्यंत बंद. कोंडोर मिळाला तर सोमवारी मिळेल."

"आणि झगे शनिवारी हवेत," बासिलिया म्हणाली.

"नाहीतर सगळं पुसून टाकतो. नवीन डिस्क, नवीन सिस्टीम, आज संध्याकाळी मशीन चालू. तयार डिझाइनं आहेत माझ्याकडे. गुलाब आहे, हृदय आहे..."

कल्पना करा. मटणबाजारवाले, हे एवढाले दंड, निम्म्यांच्या पाठीवर कोंडोर आणि निम्म्यांच्या पाठीवर गुलाब.

तेवढ्यात बुधवारी बिअर आणायला गेलेले रोसेन्दो परतले, खोका खांद्यावर, हातात रंगीत कागदाच्या टिकल्यांची पिशवी आणि कागदी फितींची भेंडोळी. "व्हा बाजूला, धर्मबाप आलाय."

"काका, मशीनवर बिअर टाकलीत तर मी नोकरी सोडीन," लिंबर्ट म्हणाला.

"तू कुणाच्या नोकरीत आहेस रे? दुकान तुझंच ना?"

"तरी सोडीन."

ह्या सगळ्या गोंधळात मास्तर एका कोपऱ्यात, डाव्या हाताने उजवा हात दाबून धरलेला. हळूच म्हणाले, "टाक पुसून, लिंबर्ट. लोकांना शब्द दिलाय. गुलाब तर गुलाब."

रोसेन्दोंनी खांद्यावरचा खोका हळूच खाली ठेवला. बासिलिया भिंतीकडे तोंड करून दोरे नीट लावायला लागली, जे नीटच होते. आणि मी? मी आपली माझ्या जागेवर, स्टुलावर, हातात कोकाच्या पानांचा चहा. मास्तरांकडे बघवेना म्हणून चहाकडे बघितलं. तर चहात एक टिकली. जांभळी. माझ्या डोळ्यांदेखत मशीनच्या मागच्या फटीतून सुटली आणि कपात पडली.

मी रोसेन्दोंच्या पिशवीकडे बघितलं. पिशवीची गाठ तशीच. मग ही आली कुठून? आणि त्याच वेळी गुडघा भाजला. भाजला म्हणजे भाजला, चटका. महिनोन् महिने बसतेय मी तिथे, तो वारा कसा असतो मला विचारा, कोमट, मायेचा. आणि आज वारा नाहीच, नुसता तवा तापल्यासारखा पत्रा.

"थांबा," मी म्हटलं. "रोसेन्दो, कार्निव्हलच्या मंगळवारी ह्या मशीनचा चाल्ला कसा केला होता?"

"फर्मास केला होता," रोसेन्दो म्हणाले.

फर्मास तर होताच, मी जेवायला होते ना. त्या दिवशी गल्लीत ज्याच्याकडे जे काही आहे त्याचा चाल्ला असतो, घर, दुकान, हातगाडी, ट्रक, सगळ्यांवर फिती गुंडाळायच्या, टिकल्या उधळायच्या, बिअर जमिनीला. बासिलिया म्हणाली होती, मशीन बंद करू का? तर धर्मबाप गरजले होते, "बंद मशीनला आशीर्वाद काय कळणार? झोपलेल्या माणसाला कुणी ओवाळतं का?" म्हणून मशीन चालू, पंखा गरगर फिरतोय, आणि मूठ मूठ टिकल्या. तेव्हा मला वाटलं होतं, किती उधळल्या आणि जमिनीवर किती कमी दिसतायत, पाचामामाने स्वीकारल्या बहुतेक.

"लिंबर्ट, बाळा," मी म्हटलं, "पुसायच्या आधी त्याचं पोट उघड."

लिंबर्टने माझ्याकडे बघितलं, मशीनवर हात ठेवला, चटकन काढून घेतला, आणि स्क्रू फिरवायला लागला. झाकण निघालं आणि... अहो, कार्निव्हल बाहेर पडला. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या टिकल्या, मास्तरांच्या सपातांवर ढीग. पाचामामाने स्वीकारल्या नव्हत्या, पंख्याने स्वीकारल्या होत्या. आणि पंख्याच्या दांड्याला कागदी फीत अशी करकचून गुंडाळलेली की त्याला जागचं हलता येईना.

मास्तर वाकून बघायला लागले. दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. "बॉबिनमधे दोरा अडकलाय," म्हणाले. "दोरा अडकला की मशीन तापतं, तापलं की थांबतं. ह्यात नवीन काय आहे?"

"काही नाही, मास्तर," लिंबर्ट म्हणाला. "मोठं काम अंगावर आलं की तापायचा आणि जीव वाचवायला बंद पडायचा. डिस्क बिचारी ठणठणीत असणार."

बासिलियाने मणी उचलायच्या चिमट्याने फीत सोडवली, मी एकेक टिकली वेचली, रोसेन्दो टायरला मारायचा हातपंप घेऊन आले आणि असा वारा मारला की भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीलाही दोन टिकल्या चिकटल्या. मग लिंबर्ट म्हणाला, अजून गार जागा हवी. गार? आमच्या अंगणात? मे महिन्यात? स्क्रीनसकट मशीन उचललं आणि नळापाशी माझ्या कपडे धुवायच्या दगडावर नेऊन ठेवलं, पोट उघडं, कारखान्यातून लांबच लांब वायर. आणि दाबलं बटण.

ठिपके. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. वीस. चाळीस. अंगणातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याला, नळावर आलेल्या बायका बादल्या तशाच धरून. साठ. मी शेगडीचा विणलेला पंखा आणून मशीनला वारा घालतेय, बाळंतिणीला घालतात तसा. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट... आणि तिथे थांबला. ठिपके फिरतायत, आकडा हलत नाही. बासिलियाने माझा दंड असा धरला की वळ अजून आहे, दाखवीन पाहिजे तर. रोसेन्दोंनी हॅट काढली.

चौसष्ट.

अहो, अंगणात जो आवाज झाला, पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. पासष्टला रोसेन्दोंनी लिंबर्टला उचलला, सत्तरला खाली ठेवला, नव्वदला पुन्हा उचलला. आणि शंभर झाले, स्क्रीन काळी झाली, पुन्हा उजळली, लिंबर्टने दोनदा टिकटिक केलं, आणि कोंडोर. पंख पसरलेला, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. मास्तरांनी हात पुढे केला, तो थरथरता उजवा, आणि स्क्रीनवर त्याच्या डोळ्यापाशी टेकवला. हात थरथरतच होता, पण मास्तरांनी तो लपवला नाही.

त्या शनिवारी मी मिरवणुकीच्या रस्त्याकडेला अगदी पहिल्या रांगेत उभी होते, कुणाला ढकलून मिळवली जागा ते विचारू नका. मटणबाजारवाले आले, बँड असा की छाती हादरावी, आणि वळले... सगळ्यांच्या पाठीवर कोंडोर. एकही गुलाब नाही. शेजारच्या बाईला मी म्हटलं, "ते सगळे माझ्या चहातून निघालेत." ती दोन पावलं सरकली. जागा अजून मोठी झाली.

आणि मग सोमवारी बासिलिया आणि मास्तर माझ्या दारात, ताटात भाजलेलं डुक्कर, वर मोठा बटाटा, म्हणजे काहीतरी मागायला आले हे उघड होतं. रोसेन्दोंनी म्हणे मोठ्या मनाने पद सोडलं. आता कॉम्प्युटरची धर्ममाय मी. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. ते पुसतेय न पुसतेय तोवर रोसेन्दो मागून, टिकल्यांची नवी पिशवी घेऊन. "नवी सिस्टीम आली, नवी धर्ममाय झाली, चाल्ला नको? पहिली मूठ तुमची."

मी म्हटलं, "टाकते. पण आधी मशीन बंद करा. ह्यावेळी बंद म्हणजे बंद."

बासिलिया लगेच गेली, बंद करायचं बटण दाबलं. आम्ही सगळे भोवती उभे, माझी मूठ भरलेली, वर उचललेली. आणि स्क्रीन निळी झाली, मधोमध ठिपके फिरायला लागले, खाली अगदी अदबीने लिहून आलं... नवीन सुधारणा बसवतोय, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.

मग काय करता? दुसऱ्या हाताने माझी शाल काढली, पंख्याच्या जाळीवर पांघरून धरली, आणि टाकली मूठ.